आणीबाणीच्या पिशवीत शेवटी माकडटोपीच राहिली

दादाच्या नाकाच्या शेंड्यावर वाटाण्याएवढा पांढरा ठिपका दिसला, तेव्हा आम्ही खिंडीखालच्या एका खडकाच्या आडोशाला दोन तास बसून होतो. बरोबरच्या एकाचा घोटा मुरगळला होता. पुढे गेलेली माणसं मदत घेऊन परतेपर्यंत जागचं हलायचं नाही असं ठरलं होतं. पाठपिशवीला अडकवलेला थर्मामीटर उणे 14 दाखवत होता. वारा ताशी 30 किलोमीटरचा धरला, तर उघड्या कातडीला तो गारठा उणे 25 च्या आसपास लागतो.

"दादा, नाक दुखतंय का रे?"

"नाही गं. मघाशी दुखत होतं, आता काहीच वाटत नाही."

ते "काहीच वाटत नाही" ऐकून माझ्या पोटात गोळा आला. बर्फात दुखणं थांबलं म्हणजे बरं वाटलं असं नसतं, तिथली कातडी बधिर झालेली असते.

खरं तर तोवर दादाचं नाक उघडं नव्हतंच. त्यानं फ्लीस नावाच्या लवदार कृत्रिम कापडाचा नवाकोरा, जाड मुखवटा डोळ्यांखालपर्यंत ओढून घेतला होता. सकाळी चालताना तो इतका उबदार होता की दादा दोनदा म्हणाला, "हे काम झकास आहे." ठिपका दिसला तो मी हा मुखवटा खाली ओढला तेव्हा, आणि ओढताना कापड वाकत नव्हतं. चालताना सोडलेला सगळा श्वास त्यात मुरला होता आणि आम्ही बसल्यावर गोठला होता. नाकासमोर पुठ्ठ्यासारखा कडक पत्रा झाला होता आणि तो बर्फाचा पत्रा दोन तास नाकाला चिकटून होता.

मी हातमोजा काढला आणि उबदार तळवा त्याच्या नाकावर नुसता धरून ठेवला. चोळलं नाही. चोळायचं नसतं आणि बर्फ तर मुळीच लावायचा नसतो. गोठू लागलेली कातडी घासली की आणखी फाटते. दहाएक मिनिटांत ठिपका गुलाबी झाला, मग लालभडक, आणि दादा कळवळला. तो कळवळला तेव्हा मला हायसं वाटलं. आठवडाभरानं तिथली साल निघाली, तेवढ्यावर निभावलं.

त्यानंतरचे दोन हिवाळे मी डोकं आणि तोंड झाकायच्या पाच वस्तू बर्फात आलटून पालटून वापरल्या. हा अभिप्राय आणीबाणीपुरता आहे. गाडी बर्फात अडकली, वाट चुकली, कुणाला लागलं आणि तासन् तास उघड्यावर थांबावं लागलं, तर काय टिकतं एवढंच मला बघायचं होतं. दुकानात घालून बघितली तर पहिल्या दहा मिनिटांत प्रत्येक वस्तू ऊबच देते. म्हणून मी प्रत्येक वेळी एक तास चढ चालायचे, मग एक तास वाऱ्यात बसायचे आणि दुसऱ्या तासाला तिचं काय होतं ते पाहायचे. खिशात मावणारा डिजिटल काटा बरोबर ठेवला होता. निघण्यापूर्वी वस्तू तोलायची, परतल्यावर पुन्हा तोलायची. वाढलेलं वजन म्हणजे त्यात अडकलेला श्वास.

सुरुवात मी स्वतः विणलेल्या कानटोपीपासून आणि मफलरपासून केली. मी लहानपणापासून विणते, त्यामुळे या जोडीवर माझा फार भरवसा होता. दोन सुलटे, दोन उलटे अशी वीण, दुपदरी लोकर. वारा नसताना ती अतिशय सुखद होती. वारा सुटल्यावर मात्र कानांना प्रत्येक झुळूक वेगळी जाणवायला लागली. घरी येऊन टोपी दिव्यासमोर धरली तेव्हा कारण कळलं. डोक्यावर ताणल्यावर नेमकी कानांवरची वीण सगळ्यात जास्त उघडते. टाक्यांच्या मधल्या फटींतून उजेड येत होता, मग वारा का येणार नाही? लोकरीची ऊब असते ती धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेची. ती हवा वाऱ्यानं पळवली की कितीही चांगली लोकर काही करू शकत नाही. मफलरचं दुखणं वेगळं. तो सतत सैल होतो, त्याचं टोक कुठेतरी अडकतं, आणि जाड हातमोजे घालून तो पुन्हा बांधणं फार जिकिरीचं होतं.

तरी विणलेल्या टोप्यांबद्दल माझ्या मनात माया आहे. माकडटोपीला जगभर ज्या नावानं ओळखतात, ते बालाक्लाव्हा हे क्रिमियातल्या एका बंदराचं नाव. 1854 च्या ऑक्टोबरात तिथं लढाई झाली. त्या युद्धातल्या थंडीत ब्रिटिश सैनिकांचे कपडे अपुरे पडले आणि मायदेशातून त्यांच्यासाठी विणलेल्या लोकरी टोप्या पाठवल्या गेल्या. बंदराचं नाव टोपीला चिकटलं ते बरंच नंतर. कुणाच्या तरी आईनं, बहिणीनं टाके मोजत विणलेली वस्तू अनोळखी माणसाच्या कानांवर पोचली, हे मला विणताना नेहमी आठवतं. म्हणून ती कानटोपी मी टाकली नाही. वाऱ्याला अडवणाऱ्या हूडच्या, म्हणजे जाकिटाला जोडलेल्या टोपड्याच्या, आत ती घालते, तिथं तिच्यासारखी तीच.

दुसरा, दादाचा तोच फ्लीसचा मुखवटा. त्याच्यावर अन्याय नको म्हणून तो मी तीन वेळा वापरला. फ्लीस पॉलिस्टरचं असतं आणि पॉलिस्टरचा धागा पाणी जवळजवळ पितच नाही, वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी. लोक याला गुण म्हणतात, आणि अंगातल्या जाकिटासाठी तो गुण आहेच, झटकलं की वाळतं. पण तोंडासमोर गणित उलटं होतं. आपण सोडतो तो श्वास बाफेनं भरलेला असतो. धागा ती बाफ पीत नाही, म्हणून ती धाग्यांच्या मधे थेंब होऊन बसते आणि तिथंच गोठते. 48 ग्रॅमचा मुखवटा दोन तासांनी 67 ग्रॅम भरला. त्याला श्वासासाठी भोकं नव्हती आणि नाकापासून कापड दूर धरणारी घडीही नव्हती. तासाभराच्या फेरफटक्याला ठीक आहे. मुक्कामाची वेळ येईल अशा ठिकाणी माझ्या माणसाच्या तोंडावर तो मी राहू देणार नाही. शिवाय फ्लीस आगीजवळ वितळतं, आणि अडकलेला माणूस शेगडीवर बर्फ वितळवायला वाकून बसलेला असतो हेही लक्षात घ्यायला हवं.

तिसरा निओप्रीनचा अर्धा मुखवटा. पाणबुडे घालतात त्याच जातीचं रबरी, बारीक बंद बुडबुड्यांचं कापड. मागे वेल्क्रोची पट्टी. वारा अडवण्यात याचा हात कुणी धरणार नाही. समोरून येणारा बोचरा वारा गालांना कळतसुद्धा नाही. वेगानं जाणाऱ्या वाहनावर, उघड्या वाऱ्यात अर्धा तास काढायचा असेल तर हाच घ्यावा. पण ज्यातून वारा आत येत नाही त्यातून घामही बाहेर जात नाही. चढावर माझी हनुवटी आतून निथळत होती. पाणी प्यायला तो उतरवला आणि ओला चेहरा वाऱ्याला लागला तेव्हा जो झोंबला, तो आधीच्या पूर्ण तासात झोंबला नव्हता. वेल्क्रोच्या दातांत बर्फाचा भुगा बसला आणि पट्टी धरेना. कोरडी असताना ती लोकरीच्या टोपीला चिकटली आणि माझे चार टाके ओढून गेली. नाकावरून सुटणारा श्वास वर चढून चष्म्यावर धुकं धरतो, ते पुढे काचेवर गोठतं, आणि चष्मेवाल्या माणसाला उतारावर पाऊल टाकायला दिसत नाही. मुखवट्यामुळे न दिसणं हासुद्धा अपघातच.

चौथी वस्तू वेगळ्या जातीची आहे. तोंडावर बसणारा कप आणि त्यात जाळीदार गाभा. सोडलेल्या श्वासाची ऊब आणि ओल तो गाभा धरून ठेवतो आणि आत घेताना तीच हवेला परत देतो. पहिल्या श्वासालाच फरक कळतो. घशाला टोचणारी ती कोरडी, काचेच्या चुऱ्यासारखी हवा एकदम मऊ होते. थंड हवेनं ज्यांची छाती आवळते, दम्याचा त्रास उठतो, त्यांनी ही वस्तू डॉक्टरांशी बोलून जवळ ठेवावी असं मला मनापासून वाटतं. आमच्यातल्या एका मैत्रिणीला चढावर खोकल्याची उबळ यायची, ती हा कप लावल्यावर बरीच कमी झाली. पण दम लागलेला असताना श्वास ओढायला थोडं बळ लागतं. खालून सतत पाणी ठिबकतं आणि जाकिटाच्या गळ्यावर बर्फाची लोंबी तयार होते. गाल, कान, कपाळ उघडेच राहतात. म्हणजे ही फुप्फुसांची सोय झाली, चेहऱ्याची नव्हे.

पाचवी, मेरिनो जातीच्या मेंढीच्या लोकरीची पातळ माकडटोपी. हिच्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते.

हातात घेतली तर विश्वास बसत नाही, इतकी पातळ. वजन 58 ग्रॅम. घडी करून मुठीत मावते. मेरिनोचा धागा इतका बारीक असतो की तो टोचत नाही. जाड लोकर कातडीला टोचते ती धाग्याची ताठ टोकं वाकत नाहीत म्हणून. लोकरीचा धागा आपल्या वजनाच्या जवळपास 30 टक्के ओल पोटात घेऊ शकतो आणि तरी हाताला ओला लागत नाही. श्वासाची बाफ आधी धाग्यात शिरते, थेंब व्हायला वेळ लागतो. आमच्या दुसऱ्या तासाला ती 58 ची 73 ग्रॅम झाली होती, म्हणजे श्वास तिनंही अडवला होता. ओठांसमोर बाहेरून पांढरं दव गोठलं होतं. पण आतली बाजू नाकाला मऊच होती.

तिची खरी करामत मात्र शिवणीत आहे. हनुवटीजवळ पुढचा भाग वेगळा जोडलेला आहे, बिजागरीसारखा. टोपी डोक्यावरून न काढता तो भाग अंगठ्यानं खाली ढकलता येतो. नाक उघडं, तोंड उघडं, कान आणि मान झाकलेली. चढ लागला की खाली, वारा आला की वर. जाड, बोटं एकत्र असलेले हातमोजे घालून मी हे शंभरदा केलं असेल. बोटं बधिर झाल्यावर गाठ सुटत नाही, चेन ओढता येत नाही, बटण तर नाहीच नाही, पण अंगठ्यानं ढकलणं जमतं. आणीबाणीच्या वस्तूला मी हीच कसोटी लावते. घरी पंखा सुरू करून, हातमोजे घालून, डोळे मिटून ती घालून बघा.

दोष आहेत. एकटी वापरली तर वारा हिच्यातूनही आरपार जातो. ओली झाली की वाळायला वेळ लागतो. खडकाला घासली की भोक पडतं, आणि कपाटात कसर लागते. माझ्या टोपीची नाकावरची शिवण जाड होती, तासाभरात तिथं वळ उठला. मी ती उसवली आणि दोन्ही काठ एकमेकांवर न चढवता, शेजारीशेजारी ठेवून हातानं सपाट टाके घातले. कारखान्यात हे करणं काही अवघड नाही. नाकाच्या हाडावर शिवण येऊ नये, एवढं तरी बनवणाऱ्यांनी पाहायला हवं. दिवसभर टेबलावर पडलेल्या टोपीत ती शिवण दिसत नाही, पण तोंडावर बसली की दुसऱ्या तासाला ती सोडून दुसरं काही सुचत नाही.

हिच्या जोडीला गळ्यात एक साधी लोकरी नळी असते, दोन्ही तोंडांनी उघडी. तोंडासमोरचा भाग गोठला की नळी फिरवायची, मानेमागचा कोरडा भाग पुढे येतो. गोठलेला भाग मानेमागे, हूडच्या आत गेला की हळूहळू मऊ पडतो. एका नळीत मला असे तीन फेरे मिळाले. दादाकडे त्या दिवशी एवढी एक नळी असती तरी पुरलं असतं. झाकण गोठणार हे धरूनच चालायचं, फक्त गोठल्यावर पुढे आणायला कोरडी जागा शिल्लक हवी. आणि बसलेलं असताना दर पंधरा मिनिटांनी एकमेकांची नाकं, गाल, कानाच्या पाळ्या बघायच्या, कारण स्वतःचा पांढरा ठिपका स्वतःला दिसत नाही. आम्ही आता घड्याळ लावून बघतो.

या सगळ्यावर हूड हवाच. वारा अडवणारं कापड, आणि कड चेहऱ्याच्या चार बोटं पुढे आलेली. कडेला केसाळ झालर असेल तर फारच उत्तम. तोंडासमोर एक बोगदा तयार होतो आणि त्यातली हवा वाऱ्यापासून सुटून स्थिर राहते. ध्रुवाजवळची इन्युइट माणसं या झालरीसाठी वुल्व्हरिन नावाच्या प्राण्याची फर पिढ्यानपिढ्या वापरत आली आहेत, कारण तिच्यावर साचलेलं दव सहज झटकता येतं. कृत्रिम झालरही बोगद्याचं काम करते, फक्त ती वारंवार झटकावी लागते. हूडची अडचण अशी की हाक ऐकू येत नाही आणि बाजूचं दिसत नाही. आम्ही त्या खडकाआड असताना मदतीला आलेल्यांनी दोनदा हाक मारली होती म्हणे, आम्हाला ऐकूच आली नव्हती. आता थांबलो की एकजण आळीपाळीनं हूड मागे सारून ऐकतो.

डोक्यातून शरीराची निम्मी उष्णता निघून जाते असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. 2008 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या समजाचा समाचार घेतला गेला होता. डोकं अंगाच्या पृष्ठभागाच्या साधारण 10 टक्के, आणि उष्णता जाते तीही त्याच्याच आसपास. पण यावरून टोपीला कमी लेखू नका. थंडीत बोटांच्या रक्तवाहिन्या आवळून रक्त आत वळवतात, टाळूच्या वाहिन्या तसं फारसं करत नाहीत. आणि नाक, कान यांच्यावर मांस नाहीच, पातळ कातडीखाली कूर्चा. हवा उणे 18 आणि वारा ताशी 24 किलोमीटर असेल तर उघडी कातडी सुमारे अर्ध्या तासात गोठू शकते. मदत अर्ध्या तासात क्वचितच पोचते.

चेहऱ्याला व्हॅसलीन किंवा जाड मलम फासून निघणारे खूप दिसतात. फिनलंडमध्ये सक्तीच्या लष्करी सेवेतल्या तरुणांचा अभ्यास झाला, त्यात अशी मलमं लावणाऱ्यांना चेहऱ्याचा हिमदंश उलट जास्त झालेला आढळला. कातडी तेलकट झाली की ऊब आल्यासारखं वाटतं, आणि माणूस झाकायचं लांबणीवर टाकतो. मीही आधी लावायचे, आता ओठांपुरतंच लावते.

कानातलं काढून ठेवा. माझी छोटी धातूची कुडी पाळीत राहिली होती आणि टोपीच्या आत असूनही कुडीभोवतीची कातडी सगळ्यात आधी ठणकू लागली. धातू ऊब झपाट्यानं ओढून घेतो.

दुहेरी काचेचा गॉगल घ्यावा, वर हवेची फट असलेला. चंदेरी चकाकीचं आणीबाणीचं पातळ पांघरूण जवळ असू द्यावं, पण ते तोंडावर गुंडाळू नये. त्यातून हवा जात नाही आणि आत पाणी साचतं. खांद्यांभोवती, हूडच्या बाहेरून घेतलेलं बरं.

तर आता माझ्या पिशवीच्या वरच्या कप्प्यात, सगळ्यात हाताशी, पाणी न शिरणाऱ्या छोट्या थैलीत एक मेरिनोची माकडटोपी आणि दोन नळ्या असतात. एक नळी माझी आणि एक ज्याच्याकडे नसेल त्याच्यासाठी. थैलीच्या तोंडाला मी जाड दोरीची मोठी कडी शिवली आहे, हातमोज्यात अंगठा जाईल एवढी. श्वासाचा कप फक्त मैत्रीण बरोबर असेल तेव्हा. निओप्रीनचा मुखवटा घरी खुंटीला आहे.

दादाचं नाक अजूनही सगळ्यांच्या आधी गार पडतं. गेल्या हिवाळ्यात त्याच खिंडीखाली आम्ही पाणी प्यायला थांबलो होतो. मी घड्याळाकडे बघेपर्यंत त्यानं गळ्यातली नळी अर्धी फिरवून कोरडी बाजू पुढे घेतली होती आणि माझ्यापुढे चेहरा करून म्हणाला, "बघ गं, पांढरं आहे का कुठे?"

नव्हतं.